एका पक्ष्याची पुण्याई

गेल्या वर्षी नोव्हेंबरात धाकट्या भावाचा बॉस्टनहून फोन आला. आई नातीशी बोलत होती. बोलता बोलता ती नऊ वर्षांची पोर म्हणाली, "आजी, उद्या आपला सण! आम्ही टर्की भाजणार!" आईने मुकाट्याने फोन माझ्या हातात दिला आणि ती देवघरात जाऊन बसली. 'आपला सण' हे दोन शब्द तिला फार लागले. दिवाळीचा फराळ तिने स्वतः तळून पाठवला होता आणि कार्टीने त्याचे नावसुद्धा काढले नव्हते!

मी पडलो मराठीचा मास्तर. घरात रुसवाफुगवा झाला की मी पुस्तकांच्या कपाटाआड दडतो. या खेपेस म्हटले, हा पक्षी त्या लोकांच्या पानात आला तरी कसा, ते एकदा पाहावेच.

आपल्या प्रत्येक व्रताला जशी कहाणी, तशी त्यांच्या या आभारदिनालाही आहे. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी अमेरिकेला निघाले. प्लिमथच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. पुढल्या वर्षी पीक हाती आले, तेव्हा उरलेल्यांनी तिथल्या वाम्पानोआग लोकांसह मेजवानी केली, टर्की खाल्ली आणि तेव्हापासून ही चाल पडली. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!

पण कहाणी वेगळी आणि कागद वेगळा. त्या मेजवानीला हजर असलेल्या एडवर्ड विन्स्लोचे पत्र आजही उपलब्ध आहे. राजा मॅसासॉइट नव्वद माणसे घेऊन आला, तीन दिवस खाणेपिणे चालले, त्याच्या माणसांनी पाच हरणे आणली, हे सारे त्यात आहे. चार जण पक्षी मारायला गेले, हेही आहे. मात्र पक्षी कोणते, याचा उल्लेख नाही! त्या रानात टर्की मुबलक होत्या. तशी बदकेही होती. या मेजवानीला 'पहिला आभारदिन' हे नाव मिळाले ते १८४१ साली, अलेक्झांडर यंग नावाच्या गृहस्थाने हे पत्र छापताना खाली टीप दिली तेव्हा. म्हणजे तब्बल २२० वर्षांनी बारसे झाले!

मग या पक्ष्याला पाटावर बसवले कोणी? वाचकहो, एका संपादिकेने! मेरीच्या कोकराचे ते प्रसिद्ध बालगीत लिहिणारी सारा जोसेफा हेल ती हीच. १८२२ साली तिचा नवरा वारला. पदरी पाच मुले. बाईने लेखणी हाती धरली. १८२७ साली तिची 'नॉर्थवुड' ही कादंबरी निघाली. तिच्यात न्यू इंग्लंडमधल्या आभारदिनाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे आणि मेजावर मानाची जागा आहे भाजलेल्या टर्कीला. पुढे चाळीस वर्षे ती एका गाजलेल्या स्त्रियांच्या मासिकाची संपादिका होती. साऱ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा, म्हणून ती वर्षानुवर्षे अग्रलेख लिहीत राहिली, राज्यपालांना व राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडत राहिली. त्याच मासिकातून घरोघरच्या गृहिणींना पाककृतीही मिळत. पक्षीही सोयीचा. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, त्यांना कापणे जिवावर येते. टर्की एक कापली की घरभर पुरते.

अखेर २८ सप्टेंबर १८६३ रोजी तिने लिंकनला पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबरला फर्मान निघाले. तेव्हा तिथे यादवी युद्ध चालू होते, भाऊ भावाच्या जिवावर उठला होता. घर फुटले असतानाच सर्वांना एका दिवशी जेवायला बसवण्याची तिची धडपड होती. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. या ताटाला दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या मूळ रहिवाशांचे वंशज १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात.

संपादकाने पाडलेली चाल म्हणून हसू नका. आपल्या हातातला हा दिवाळी अंक तरी काय आहे? का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आज अंकावाचून फराळ गोड लागत नाही!

पुढल्या एकादशीला आई साबुदाण्याची खिचडी खात होती. मी हळूच म्हटले, "आई, हा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शिवाय बटाटा, दाणे आणि मिरची, चौघेही मूळचे टर्कीच्याच मुलखातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, तेव्हा यांतलं एकही आपल्याकडे नव्हतं."

आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे शिवाय ज्ञानेश्वरांच्या वेळी ही खिचडी नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि तरी त्यांची एकादशी घडत होती!" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग पान बाजूला सारून म्हणाली, "पोरीला फोन लाव बघू."

आजीने विचारले, "काय गं, झाला का तुझा सण?"

"झाला! आणि आजी, टर्कीच्या शेजारी मी तुझ्या चकल्या ठेवल्या होत्या. तेवढ्यासाठी दिवाळीपासून लपवून ठेवल्या होत्या. सगळ्या संपल्या!"

यंदा आईने दोन घाणे जास्त काढले आहेत. तो डबा चौथ्या गुरुवारच्या आत पोचला पाहिजे, अशी मला सक्त ताकीद आहे.