राष्ट्रीय सामाजिक शास्त्र प्रलेखन केंद्र: संदर्भशोधाची एक राष्ट्रीय व्यवस्था

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाची बरीचशी सामग्री जनगणनेचे अहवाल, महसुली नोंदी, आर्थिक पाहण्या, अप्रकाशित प्रबंध आणि नियतकालिकांतील लेख यांत विखुरलेली असते, आणि तिचा ठावठिकाणा लावण्यातच संशोधकाचा मोठा काळ खर्ची पडतो. हा शोध शास्त्रशुद्ध रीतीने सुकर करणाऱ्या कार्याला ग्रंथालयशास्त्रात प्रलेखन म्हणतात. ग्रंथालय प्रामुख्याने ग्रंथ सांभाळते व वाचकाला देते. प्रलेखन केंद्र त्यापुढे जाऊन लेख, अहवाल व प्रबंध यांच्या सूची आणि सारांश तयार करते व हवा असलेला मजकूर कोठे मिळेल हे सांगते. ही दोन्ही कामे एकत्र करणारी भारतातील प्रमुख संस्था म्हणजे नवी दिल्लीतील राष्ट्रीय सामाजिक शास्त्र प्रलेखन केंद्र, अर्थात ‘नॅसडॉक’.

अशा केंद्राची गरज किती खरी आहे, हे जालना जिल्ह्यातील मंठ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मंठ्याचा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मंठा ज्या परतूर तालुक्यात मोडत असे, तो तालुका परभणी जिल्ह्यातून काढून 1 मे 1981 रोजी नव्याने निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात घालण्यात आला, आणि मंठा स्वतंत्र तालुका झाला तो त्यानंतर. त्यामुळे येथील शेतीचा किंवा लोकसंख्येचा दीर्घकालीन अभ्यास करणाऱ्याला 1951 च्या जनगणनेसाठी हैदराबाद राज्याची प्रकाशने, 1961 व 1971 साठी महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्याचे खंड आणि पुढील काळासाठी जालन्याचे खंड पाहावे लागतात. निजामकालीन महसुली कागद वाचायचे तर उर्दूचीही जाण लागते. ‘मंठा’ या एका नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती यातले थोडेच लागेल.

या केंद्राची मातृसंस्था असलेली भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद केंद्र सरकारने 1969 मध्ये स्थापन केली, आणि तिच्या उभारणीत दोन मराठी भाषकांचा वाटा निर्णायक होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे परिषदेचे पहिले अध्यक्ष, तर कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे पहिले सदस्य-सचिव होते. संशोधनाला अनुदान देणाऱ्या परिषदेने संदर्भसेवेचीही जबाबदारी उचलली पाहिजे, हा विचार या प्रलेखन विभागाच्या निर्मितीमागे होता.

केंद्राच्या संग्रहात परिषदेच्या अनुदानातून झालेल्या प्रकल्पांचे अहवाल, अप्रकाशित प्रबंध आणि नियतकालिकांचे जुने खंड यांना विशेष महत्त्व आहे, कारण हे साहित्य पुस्तकांच्या बाजारात मिळत नाही. त्याच्या आरंभीच्या कार्यात सर्वांत परिश्रमाचे काम म्हणजे संघ तालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांतील नियतकालिकांची अशी एकत्रित सूची की जिच्यातून अमुक मासिकाचे अमुक खंड कोणत्या ग्रंथालयात आहेत हे कळते. याशिवाय मागणीनुसार विषयवार ग्रंथसूची करणे, लेखांच्या प्रती पुरवणे, संशोधकांसाठी व ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग घेणे आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दूरच्या ग्रंथालयांत जाऊन काम करण्यासाठी अभ्यास-अनुदान देणे, अशा सेवा केंद्राने चालवल्या. राजधानीपासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या अनुदानाचे मोल मोठे आहे.

सर्व भार दिल्लीवर पडू नये म्हणून परिषदेने प्रादेशिक केंद्रेही उभारली; त्यांपैकी पश्चिम विभागाचे केंद्र मुंबई विद्यापीठात आणि दक्षिण विभागाचे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आहे. मंठ्याच्या अभ्यासकाला ही दोन्ही शहरे उपयोगी पडतात: एक आजच्या राज्याची राजधानी, तर दुसरे कालच्या राज्याची. पुण्यात गोखले संस्थेचे ग्रंथालय आहे. भारत सेवक समाजाच्या 1905 मधील स्थापनेपासून वाढत आलेल्या आणि आज गाडगीळांचे नाव धारण करणाऱ्या या ग्रंथालयात सरकारी अहवालांचा समृद्ध संग्रह आहे.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आता देशभरातील प्रबंध घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे प्रवासाची गरज कमी झाली आहे. तथापि, जिल्ह्यांच्या सीमा आणि राज्यांची नावे बदलत गेलेल्या प्रदेशात कोणत्या नावाखाली शोध घ्यावा हे जाणणाऱ्या ग्रंथपालाची गरज संगणकाने संपवलेली नाही. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयांनी दोन कामे अगत्याने करावीत: आपल्या विद्यार्थ्यांना या केंद्रांच्या सेवांची माहिती द्यावी, आणि स्वतः केलेल्या स्थानिक पाहण्यांच्या प्रती तेथे पोचवाव्यात, कारण ज्या अहवालाची कोठेही नोंद झालेली नाही, तो पुढच्या संशोधकाच्या दृष्टीने लिहिलाच गेलेला नसतो.