रेडिओकेंद्राचें स्थलांतर

रेडिओकेंद्र दुसरीकडे नेतांना कार्यक्रम बंद कसा पडत नाहीं, असें विद्यार्थी आम्हांस पुसतात. प्रथम नव्या जागीं दुसरें प्रक्षेपणयंत्र व उंच तारा उभारतात. रात्रीं कार्यक्रम संपल्यावर त्याच लहरीवर त्यांची परीक्षा घेतात. मगच जुनें यंत्र सोडवितात. यंत्र एकच असल्यास दोन कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळांत तें हलवावें लागतें.

आपल्याच जिल्ह्यांतील आंबोलीच्या रानांतून २५ नोव्हेंबर १९५५ रोजीं वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनीं गोवामुक्तीचें गुप्त केंद्र सुरू केलें. पुढें तें कॅसलरॉकला हलविलें. गोव्यांतील वृत्तपत्रांवर पोर्तुगीज सरकारचे निर्बंध होते. म्हणून हा आवाज टिकणें अगत्याचें होतें. जागा बदलली, तरी १९६१ च्या मुक्तीपर्यंत कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून तो गोमंतकीयांच्या कानीं पडत राहिला.