शॅडो बोर्ड परवडतो का?

फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवायची आणि त्यावरच ते हत्यार टांगायचं, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसतं. कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची ‘फाइव्ह एस’ पद्धत राबवणाऱ्या कारखान्यांना हे शॅडो बोर्ड नवे नाहीत. त्यांचाच महागडा प्रकार म्हणजे हत्यारांच्या नेमक्या मापाने कापून घेतलेला दुरंगी फोम. वर काळा, खाली पिवळा. दहा नंबरचा पाना नसला की पिवळा खड्डा डोळ्यांत भरतो. विकणारे त्याचा खर्च वेळेच्या हिशेबाने पटवतात. वीस कामगारांची रोज पाच-पाच मिनिटं शोधाशोधीत जातात असं धरलं, तर ३०० दिवसांत ५०० तास होतात. आकडा भारदस्त आहे, पण वाचलेल्या पाच मिनिटांचे आपोआप रुपये होत नाहीत. ॲलन की सापडेना म्हणून सीएनसी मशीन खोळंबत असेल तर होतात. एरवी ती चहात जातात.

खर्च खरा वसूल होतो तो हत्यार हरवणंच महागात पडतं तिथे. डिसेंबर २०२३मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या एका ए-३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. कॉम्प्रेसर फिरवण्याचं १.२५ मीटर लांबीचं नायलॉनचं साधन आतच राहिलं. १ जानेवारी २०२४ला ते सापडलं, तोवर विमानाची ३४ उड्डाणं आणि २९४ तास झाले होते! अपघात झाला नाही हे नशीब. विमान दुरुस्तीत हत्यारांचा हिशेब काटेकोर असतो, तरीही हे घडलं, मग बोर्ड करून तरी काय उपयोग, असं कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या चौकशीत याचं उत्तर आहे. हरवलेलं हत्यार शोधण्याची ठरलेली प्रक्रिया विमान सेवेत सोडण्यापूर्वी सुरूच झाली नव्हती. रिकामी जागा फक्त बोट दाखवते. ती भरेपर्यंत काम पूर्ण झालं असं लिहायचं नाही, हा नियम माणसांनीच पाळायचा असतो. हत्यार कुणी नेलं हेही खड्डा सांगत नाही, त्यासाठी नावाचा बिल्ला तिथे अडकवावा लागतो. एवढं नसेल तर फोम ही ऑडिटच्या दिवसाची सजावट.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे: हत्यारं बदलतात. वेगळ्या घडणीचा पाना आला की कापलेला फोम वाया जातो. रोज नवं काम घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपने आणि गॅरेजने म्हणूनच प्लायवुड, खिळे आणि रंगाचा डबा यांवर भागवावं. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककला-लेखिका जूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी भोकांच्या फळीवर भांड्यांच्या आकृत्या अशाच रेखल्या होत्या. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हत्यारांचा संच ठरलेला असेल, तो अनेकांच्या हातात फिरत असेल आणि एक नग हरवल्याने जीव किंवा यंत्र धोक्यात येत असेल, तरच फोमचा विचार करा. तोही लगेच नको. आधी प्लायवुडचा बोर्ड लावा, पाळी संपताना सगळ्या जागा भरतात का ते काही महिने बघा, आणि भरत असतील तरच ऑर्डर द्या.