जुन्या पिकअप वाहनाच्या इंजिनाची पुनर्बांधणी

इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे झिजलेले इंजिन पूर्ण उघडून, त्याचे भाग मोजून, झिजलेले पृष्ठभाग यंत्रावर पुन्हा मापात आणून आणि आवश्यक तेवढेच भाग बदलून ते पुन्हा जोडणे. गॅरेजच्या भाषेत याला ‘इंजिन बांधणे’ किंवा ‘इंजिनचे काम काढणे’ म्हणतात. केवळ हेड आणि रिंग-पिस्टनपुरते काम असेल तर ‘हाफ इंजिन’ आणि क्रँकशाफ्टही काढून घासावा लागला तर ‘फुल इंजिन’ असे दोन प्रकार मानले जातात. या लेखात वाशिम जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील मालवाहू डिझेल पिकअप वाहनांच्या, मर्यादित खर्चात केल्या जाणाऱ्या पुनर्बांधणीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके आहेत. सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असून शेतातून बाजार समितीपर्यंतची वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉलीबरोबरच पिकअप वाहनांवर अवलंबून असते. वाहन अनेकदा एकाच मालक-चालकाचे असते आणि त्याचे वर्षाचे उत्पन्न सोयाबीनच्या काढणीनंतरच्या काही आठवड्यांत ठरते. त्या काळात इंजिन बसले तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर हंगामाची भाडीही हातची जातात. अकोल्याकडे भरलेली गाडी नेताना लागणारा मेडशी ते पातूर दरम्यानचा घाट अशक्त झालेल्या इंजिनाची परीक्षाच पाहतो.

प्रचलित इंजिने

महिंद्रा कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून ‘एक्सडीपी ४.९०’ हे २,११२ घनसेंमीचे डिझेल इंजिन घेतले. जुन्या जीप व त्यांवर आधारित मालवाहू गाड्यांत ते आढळते. नंतरच्या ‘एमडीआय’ इंजिनांचे आकारमान २,५२३ घनसेंमी आहे. त्याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर साडेतीन इंच व चार इंच. हीच मापे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ‘बीडी-१५४’ या ट्रॅक्टर इंजिनाची होती. टाटाच्या ‘४८३’ (१,९४८ घनसेंमी) आणि ‘४९७’ (२,९५६ घनसेंमी) या इंजिनांच्या नावातच त्यांची ओळख आहे: पहिला अंक सिलिंडरांची संख्या, पुढचे दोन अंक मिलिमीटरमधील बोअर. प्यूजोच्या ‘४.९०’चाही अर्थ हाच.

निदान

ऑइल खाणे, निळसर धूर, सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे आणि ऑइल भरण्याच्या झाकणातून जोराने वाफारा येणे (यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात) ही झिजेची नेहमीची लक्षणे आहेत. मात्र काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे येतो आणि निळा धूर केवळ व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरणाऱ्या ऑइलमुळेही येऊ शकतो. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतात. एकाच सिलिंडरचे कमी भरले तर दोष हेड गॅस्केट किंवा व्हॉल्व्हमध्ये असण्याची शक्यता वाढते. चारही सारखेच उतरलेले असतील तर बोअर व रिंगा झिजलेल्या असतात. न मोजता इंजिन उघडणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

मोजमाप आणि यंत्रकाम

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतो, तेथे ऑइलचा थर तुटतो, तापमान सर्वाधिक असते आणि वायूचा दाब वरच्या रिंगला मागून भिंतीवर रेटतो. त्यामुळे झीज वरच्या रिंगच्या या वळणाजवळ सर्वांत जास्त आणि खाली जाताना कमी होत जाते. बोअर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो. पिस्टनच्या बाजूच्या रेट्यामुळे तो लंबगोलही होतो. हे दोन्ही दोष बोअर गेजने वर, मध्ये व खाली, दोन काटकोनी दिशांनी मोजल्याशिवाय कळत नाहीत. बोट फिरवून वरची कडा जाणवते, पण तिच्यावरून आकडा मिळत नाही.

खर्च वाचवण्यासाठी झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकण्याचा मार्ग वारंवार सुचवला जातो. तो का फसतो हे साध्या गणिताने समजते. व्यास ०.१ मिमीने वाढला की परीघ सुमारे ०.३१ मिमीने वाढतो आणि रिंगच्या टोकांमधली फट तेवढीच रुंदावते. सुमारे ९० मिमी बोअरच्या इंजिनात ही फट साधारण ०.३ ते ०.४ मिमी ठेवली जाते; म्हणजे दहावा हिस्सा मिलिमीटर झीजही वरच्या भागात फट जवळजवळ दुप्पट करते. शिवाय मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि प्रत्येक वेळी रिंगला निमुळत्या नळीत मिटावे-उघडावे लागते. अशी दुरुस्ती थोडे महिने बरी चालते; मग ऑइल पुन्हा उतरू लागते आणि गॅस्केट, मजुरी व वाया गेलेले दिवस असा सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो.

झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात, किंवा लायनर असलेल्या इंजिनात नवे लायनर घालतात. इंचाच्या मापाच्या इंजिनांसाठी २०, ३०, ४० असे पिस्टन मिळतात. २० म्हणजे इंचाचे २० हजारांश, सुमारे अर्धा मिलिमीटर. आधी पिस्टन हाती घ्यावेत, ते मोजावेत आणि त्यांच्या मापाने बोअर करून घ्यावा; उलट क्रमाने केलेल्या कामात पिस्टन सैल बसण्याचा धोका असतो. शेवटच्या होनिंगमध्ये भिंतीवर उठणाऱ्या एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा ऑइल धरून ठेवतात. अति गुळगुळीत भिंत दिसायला सुंदर असली तरी तिच्यावर नव्या रिंगा बसत नाहीत. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुणे आवश्यक असते, कारण दगडाची बारीक पूड केवळ डिझेलने निघत नाही.

क्रँकचे जर्नल लंबगोल झाले असतील तर घासून त्यांना अंडरसाइज बेअरिंग घालतात. घासताना जर्नलच्या मुळाशी असलेली गोलाई टिकवावी लागते. ती कोरली गेली तर क्रँक तेथूनच तडकतो. पूर्वी बेअरिंग फुटलेले असेल तर ब्लॉकमधील ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतला धातूचा चुरा धुवावा लागतो. तो राहिला तर नवे बेअरिंगही त्याच मार्गाने जाते.

हेड पाण्याच्या दाबाखाली तपासून तडा नसल्याची खात्री करतात. डिझेलमध्ये पिस्टन व हेडमधली जागा फार थोडी असल्याने हेड कितीही वेळा घासता येत नाही. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून त्या जाडीची गॅस्केट निवडतात.

खर्चाची विभागणी

सुटे भाग, यंत्रकाम आणि मजुरी असा खर्च विभागला जातो. मापात असलेले कनेक्टिंग रॉड, रॉकर, कॅमशाफ्ट आणि स्वच्छ केलेली लहानसहान आवरणे पुन्हा वापरण्यात काहीच गैर नाही. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील आणि संशयास्पद ऑइल पंप यांत काटकसर करू नये. याशिवाय दोन स्वस्त वस्तूंकडे दुर्लक्ष होते. एक म्हणजे एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज: त्याला चीर असेल तर काढणीच्या दिवसांतली धूळ फिल्टरला बगल देऊन आत जाते आणि नव्या रिंगा एका हंगामात संपतात. दुसरी म्हणजे रेडिएटर: विंधन विहिरीच्या कठीण पाण्याने त्यात क्षार साचतात, इंजिन तापते आणि नवे गॅस्केट उडते.

मोठ्या इंजिनाचा मोह

अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये भंगारातून आणलेले ‘बिग-ब्लॉक’ म्हणजे मोठ्या ब्लॉकचे व्ही-८ पेट्रोल इंजिन बसवण्याची परंपरा आहे. शेवरोलेचे ४५४ घनइंचाचे इंजिन सुमारे ७.४ लिटरचे, म्हणजे वर उल्लेखलेल्या एमडीआयच्या जवळजवळ तिप्पट असते. भारतातील पिकअपचा क्लच, गिअरबॉक्स व मागचा अ‍ॅक्सल अशा ताकदीसाठी बनवलेला नाही. बोअर वाढवल्याने ताकद वाढते ही समजूतही चुकीची आहे: २० हजारांशाच्या पिस्टनने २,५२३ घनसेंमीचे इंजिन जेमतेम २,५५१ घनसेंमी होते. ‘पंप वाढवणे’, म्हणजे इंधनपंपाची मात्रा वाढवणे, हा स्थानिक उपाय क्षणिक जोर देतो. पण पुरेशा हवेअभावी जादा डिझेल काळ्या धुरात जाते आणि पिस्टनचा माथा व व्हॉल्व्ह जळतात. पंप व नोझल चाचणी-यंत्रावर मूळ मापाने लावून घेतल्यास झिजलेल्या इंजिनाने गमावलेली ताकद परत मिळते. बहुतेक मालकांना हवी असते ती तेवढीच.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच ब्लॉकवर केलेल्या पुनर्बांधणीत इंजिन क्रमांक कायम राहतो, त्यामुळे नोंदणीत काही बदलत नाही. ब्लॉक तडकल्यामुळे दुसरे इंजिन बसवावे लागले तर मालकाने ते १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवावे लागते. वाशिम जिल्ह्यातील वाहनांसाठी (नोंदणी संकेत एमएच-३७) हे काम जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात होते. कागदपत्रांशिवाय घेतलेले जुने इंजिन चोरीच्या वाहनाचे निघाल्यास योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत क्रमांक जुळत नाही आणि मालक अडचणीत येतो.

रनिंग-इन

बांधलेले इंजिन प्रथम सुरू करताना ऑइलचा दाब चढल्याची खात्री करतात. त्यानंतर ते तासन्‌तास रिकामे फिरवत ठेवणे हानिकारक असते, कारण रिंगा भिंतीवर बसण्यासाठी मध्यम भार लागतो. सुरुवातीचे काही शे किलोमीटर वेग बदलत, निम्म्या भाराने गाडी चालवतात. मग ऑइल व फिल्टर बदलतात आणि उत्पादकाने सांगितले असल्यास हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळतात. काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून पाहिल्यास पहिल्या झिजेची करडी पूड दिसते. ती अपेक्षितच असते. चमकणारे कण किंवा बेअरिंगच्या तांबूस चकत्या दिसल्या तर मात्र खालचे चेंबर त्याच दिवशी उघडावे लागते.