बंदराची वाट राखणारे बोये

मुंबई बंदराच्या इतिहासात दीपस्तंभांचे नाव नेहमी मानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या खांदेरीवर तळ उभारून इंग्रजांची झोप उडवली, त्याच बेटावर इंग्रजांनी १८६७ मध्ये दीपगृह पेटवले. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात शिरलेल्या खडकांवर थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने आखलेला प्रॉंग्स दीपस्तंभ १८७५ मध्ये उभा राहिला. कुलाब्यावर दिवा त्याआधी शंभर वर्षे होता. पण तो जमिनीवर आणि धोका पाण्यात, अशी त्याची गत होती. तरीही दिवा सांगून सांगून काय सांगणार? खडक इथे आहे, लांब राहा, एवढेच. लांब म्हणजे कुठून, आणि खोल पाणी नेमके कोणत्या पट्ट्यात, हे सांगायला वाटेच्या दोन्ही कडांवर खुणा लागतात. त्या खुणा म्हणजे बोये. माझ्या मते बंदराची सुरक्षितता जितकी दगडी मनोऱ्यांवर, तितकीच, किंबहुना अधिक, या साखळदंडाला बांधलेल्या लोखंडी पिंपांवर आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांवर उभी आहे.

बोया साधा दिसतो. तळाशी जड वजन, त्यापासून वर आलेली साखळी, पाण्यावर पोकळ तरंगता देह, माथ्यावर दिवा. भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा बोया असतो. खडकाची किंवा उथळ पाण्याची बाजू सांगणारे बोये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे असतात आणि रात्री ते घड्याळाच्या हिशेबाने लुकलुकतात: पूर्वेला तीन, दक्षिणेला सहा, पश्चिमेला नऊ, उत्तरेला अखंड. दक्षिणेच्या सहा झबक्यांमागून एक लांब झबका येतो. लाटेआड एखाद-दुसरा झबका हुकला, तरी मोजणाऱ्याने तीन किंवा नऊ समजू नये, एवढ्यासाठी. इतकी बारीक काळजी कोणीतरी अगोदर घेऊन ठेवली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

ही शिस्त सहज आली नाही. १९७१ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टकरीत बुडाले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या अवशेषांवर ‘ब्रँडेनबर्ग’ आपटले आणि काही आठवड्यांनी, जागेवर खुणा लावलेल्या असतानाही, ‘निकी’ आपटले. या दुर्घटनांत मिळून एक्कावन्न माणसे गेली. तेव्हा जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती चालू होत्या. १९८० मध्ये देशोदेशींच्या दीपगृह खात्यांनी एक पद्धत मान्य केली, तीही दोन विभागांत; अमेरिका आणि जपानच्या विभागात लाल-हिरवा उलट. पाण्यात खूण असून भागत नाही. ती वाचणाऱ्याला ओळखीचीही असावी लागते.

यावर एक आक्षेप असा की, मुंबईचे दिवे आणि बोये हे सारे साम्राज्याच्या व्यापारासाठी झाले. कोळ्यांना खडक आधीपासून ठाऊक होते. ते खरेच आहे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडीचा तांडेल आपली जागा ओळखतो, आणि हे ज्ञान इंग्रजांनी दिलेले नाही. पण ते ज्ञान हलक्या होडीचे आणि त्याच पाण्यात जन्म काढणाऱ्याचे आहे. खोल बुडाचे परके जहाज पहिल्यांदा येते, तेव्हा त्याच्या कप्तानाला आणि वाट दाखवायला जहाजावर चढलेल्या पायलटलाही सामाईक खूण हवी. आज मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्यावर कच्चे तेल उतरते आणि मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. भोंगवलीसारख्या घाटावरच्या गावात ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, तेव्हा या वाटेशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपग्रहावरून जागा कळते, मग बोये कशाला? ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले आणि काही दिवस बंदराची वाहतूक थांबली. उपग्रहाच्या युगातली ही टक्कर. शिवाय कंटेनर पाण्याखाली गेले की पडद्यावरचा नकाशा जुना होतो. पुन्हा तळ मोजून वाट मोकळी असल्याची खात्री करावी लागते. उपग्रह जहाज कुठे आहे ते सांगतो. तळ कालच्यासारखाच आहे का, हे पाहायला माणसालाच जावे लागते.

बोयाची कमजोरी मात्र लपवू नये. मोठ्या उधाणाच्या वेळी मुंबईत पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते, त्यामुळे साखळी ढिली-ताठ होत राहते आणि बोया थोडा फिरतो. खाऱ्या पाण्याने कडी झिजते, अंगावर शिंपल्यांचे थर चढतात, पावसाळ्यात तो वाहूनही जाऊ शकतो. जागा सोडलेला बोया नसलेल्या बोयापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. म्हणून तो ठरावीक काळाने वर उचलून खरवडावा, रंगवावा, साखळी बदलावी आणि जागा पुन्हा मोजून तो खाली सोडावा लागतो. बंदराच्या खर्चात काटछाट सुचवताना आधी या कामावर बोट ठेवले जाऊ नये.