अंगणात रोबो: ऐकीव काय, खरं काय

पावसाळा सरता सरता धाराशिवच्या एखाद्या नव्या वसाहतीत चक्कर मारा. बंगल्याभोवती गुडघाभर गवत, मध्येच लव्हाळा, कडेला गाजरगवत. मजूर वेळेवर मिळत नाही, विळा धरायला कंबर तयार नसते. अशा वेळी पुण्याहून मुलगा मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. त्यात कासवाएवढं यंत्र हिरवळीवर आपलं आपण फिरत असतं. "बाबा, हेच घेऊ या. गवताची कटकट मिटेल."

इथेच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. हे यंत्र वाढलेलं गवत कापत नाही. त्याच्या पोटाखाली फिरती तबकडी असते आणि तिला दाढीच्या ब्लेडसारखी छोटी पाती सैल बसवलेली असतात. कापायची उंची साधारण 2 ते 6 सेंटिमीटर. रोज किंवा दिवसाआड फिरून गवताची नुसती टोकं खुडायची, ही त्याची रीत. 1995 साली स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीने सौरऊर्जेवर चालणारा असा रोबो बाजारात आणला. त्यानंतर बॅटरी बदलली, कॅमेरे आले, पण रीत तीच राहिली. गुडघाभर गवतात तो रुतून बसतो. तिथे ब्रशकटरच हवा. गाजरगवत तर फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटलेलंच बरं.

म्हणजे आधी हिरवळ हवी, मग रोबो. आणि आपल्याकडे हिरवळ म्हटली की पाण्याचा हिशेब आला. उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर दर चौरस मीटरला 5 लिटर लागतं. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला रोजचं 500 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपतो. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. बोअरला मे महिन्यातही पाणी राहत असेल, मंगल कार्यालयाचं लॉन किंवा फार्महाउस असेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे. हरळीचं लॉन असेल तर निदान ते ताण सोसतं आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतं.

"खोक्यावर 600 चौरस मीटर लिहिलंय, आपलं लॉन सहा गुंठे, बरोबर बसतं." नाही बसत. हा आकडा बहुधा यंत्राची जास्तीत जास्त मर्यादा असते. मधला चार्जिंगचा वेळ, झाडांची आळी, चिंचोळ्या वाटा, गेलेली वीज, या सगळ्यात ती खर्ची पडते. निदान तिसरा हिस्सा जास्त क्षमतेचं यंत्र बघावं.

उताराचा आकडा तर हमखास फसवतो. 35 टक्के उतार म्हणजे 35 अंश नव्हेत. मीटरभर अंतरात 35 सेंटिमीटर चढ, म्हणजे जेमतेम 19 अंश. तुळजापूरकडे बालाघाटच्या उतारावर घर असेल तर दोरी आणि टेप घेऊन चढ मोजा, अंदाजावर जाऊ नका.

"जीपीएस आहे, आता लॉनच्या हद्दीभोवती तार पुरायची गरज नाही." साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते, तेवढ्यात रोबो शेजाऱ्याच्या मेथीत शिरेल. काही सेंटिमीटरची अचूकता आरटीके पद्धतीने येते, पण तिला मोकळं आकाश लागतं. दारात डेरेदार कडुनिंब आणि बाजूला दुमजली भिंत असली की तिचा सिग्नल तुटतो. तारेचं यंत्र घ्यावं, तर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या ताणाने तार तुटू शकते आणि तुटकी जागा शोधण्यात दिवस जातो. तार सैल ठेवून पुरावी. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की चार्जिंग स्टेशनची पिन आणि तार दोन्ही काढून ठेवावीत, कारण लांब पसरलेल्या तारेत विजेचा झटका उतरू शकतो. स्टेशन सावलीत हवं. 45 अंशांच्या आसपास तापलेल्या लिथियम बॅटरीला चार्जिंग सोसत नाही. यंत्र पावसात भिजलं तरी बिघडत नाही हे बऱ्याच मॉडेलांबाबत खरं, पण चाकांना काळी माती थापली गेली की ते जागच्या जागी घसरतं.

"यापेक्षा शेळी बरी," असं कुणीतरी म्हणणारच, आणि उस्मानाबादी शेळीच्या गावात ते शोभतंही. पण शेळी मुळात पाला ओरबाडणारी. गवताआधी ती तुमची जास्वंद संपवील. हिरवळ एकसारखी चरायला मेंढी चांगली.

एका बाबतीत मात्र हयगय नको. "उचलला की पाती थांबतात, मग भीती कसली?" उचलल्यावर थांबतात, खरं आहे. पण कोंबडीचं पिल्लू किंवा बेडूक त्याला उचलत नाही, आणि रांगतं मूलही नाही. जर्मनीतल्या कोलोन शहराने 2024 मध्ये साळिंदरासारख्या छोट्या काटेरी प्राण्यांसाठी रात्री रोबो फिरवायला बंदी घातली. आपणही तो दिवसाउजेडी, मुलं आत असताना चालवावा.

दुकानदाराला किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: पाती कुठे मिळतील आणि बिघडल्यावर यंत्र धाराशिवला दुरुस्त होईल की पुण्याला पाठवावं लागेल? उत्तर लेखी घ्या. आणि लॉन दोन गुंठ्यांपेक्षा लहान असेल, तर माझं मत विचाराल तर हाताने ढकलायचं यंत्र पुरेसं आहे.