दार बदलण्यापूर्वी

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की अनेक घरांत एखादे दार अडू लागते. ढकलले तरी नीट मिटत नाही आणि मिटलेच तर खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाही. सुतार येतो, रंधा मारतो, दार सुरळीत होते. पुढे माघ-फाल्गुनात त्याच दाराला फट पडते आणि ‘आता नवेच बसवू’ असे ठरते. दुकानात माल पारखल्याशिवाय सौदा न करणारी माणसेही घरातील दाराबाबत अशी घाई करतात.

दार म्हणजे केवळ पल्ला नव्हे. चौकट, पल्ला, बिजागऱ्या आणि कडी-कुलूप ही त्याची चार अंगे होत. दोष कोणत्या अंगात आहे हे कळले की निम्मे काम झाले.

कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासत असेल किंवा त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीवर ओढला जात असेल, तर बहुधा वरची बिजागरी सैल झालेली असते. पल्ला किंचित उचलून पाहावा. बिजागरी हलली की निदान झाले. छिद्रे मोठी झाली असतील, तर स्क्रू नुसते आवळून भागत नाही. त्यांत सरस लावलेल्या लाकडी काड्या ठोकाव्यात, त्या वाळल्यावर थोडे लांब स्क्रू बसवावेत. जड पल्ल्याला दोनऐवजी तीन बिजागऱ्या असाव्यात.

बिजागरी घट्ट असूनही दार अडत असेल, तर दोष ओलीचा समजावा. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ वाढत नाही. चौकटीच्या कडेला खडू फासून दार मिटले की घासणारी जागा पल्ल्यावर उमटते. पावसाळ्यात तेवढीच जागा पॉलिश कागदाने घासावी. रंधा मारायचाच झाला, तर लाकूड वाळेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरपर्यंत थांबावे. त्याच वेळी पल्ला उतरवून त्याची वरची व खालची कड रंगवून घ्यावी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कडा बहुधा कोऱ्याच राहतात आणि ओल तेथूनच आत शिरते. वाळवीलाही ओलच आमंत्रण देते. गळती वेळीच थांबवली, तर फवारणी करून जीव मारण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

जुन्या घरांतील सागवानी पल्ले सहसा टाकू नयेत. ते उभ्या-आडव्या पट्ट्या व फळ्या जोडून केलेले असल्याने खालची कुजलेली पट्टी तेवढी बदलता येते. फ्लश दाराचे तसे नसते. त्याचे थर सुटून फुगले की पल्ला बदलणेच इष्ट. मात्र प्रथम चौकटीच्या बुडाशी टोचणी रुतवून पाहावी. चौकट भुसभुशीत असेल, तर तिच्यावरचा नवा पल्ला व्यर्थ होय. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी आणि सर्वांत कमी भरेल ती धरावी. चौकटीची खाच ३० मिलिमीटर पल्ल्यासाठी असेल, तर ३५ मिलिमीटरचा पल्ला तिच्यात नीट बसत नाही. लाकडी फ्लश दारावर आयएस २२०२ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. स्नानगृहासाठी पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचा पल्ला अधिक टिकतो.

याच स्नानगृहाच्या दाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बहुतेक घरांत ते आत उघडते. आजी-आजोबा आत घसरून दाराशीच पडले, तर बाहेरून ढकलणाऱ्याला दार उघडता येत नाही; जोर लावावा, तर पडलेल्या व्यक्तीलाच इजा होण्याची भीती. म्हणून वृद्ध असलेल्या घरी हे दार बाहेर उघडणारे करून घ्यावे. त्यासाठी चौकटीत फेरफार करावा लागतो. बाहेर पुरेशी जागा आहे ना, हेही पाहावे लागते. ते शक्य नसेल, तर सरकते दार बसवावे. आतल्या साध्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येणारा खटका लावावा. तो फार महाग नसतो. लहान मूल आतून कडी लावून अडकले, तरी तोच उपयोगी पडतो.

दिवाणखान्याचे दार पाहुण्यांच्या नजरेत भरते, म्हणून त्याच्यावर खर्च होतो. घरातील वडीलधारी माणसे मात्र रोज पहाटे स्नानगृहाचे दार एकट्याने लावून घेतात. दुरुस्तीची यादी करताना पहिली ओळ त्या दाराची असावी.